हिशेबाची वही कोणाच्या ताब्यात?

चप्पल-बुटांचे दुकान चालविणारे आमचे एक परिचित मध्यंतरी हातात पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आले. त्यात दुकानाचा पाच वर्षांचा हिशेब होता. पण तो उघडत नव्हता. जुना संगणक बंद पडला म्हणून नवा आणला, तर बिलाचे सॉफ्टवेअर त्यावर सुरू करण्याचा परवाना क्रमांक ज्याच्याकडून घ्यायचा, तो विक्रेताच धंदा गुंडाळून गेला होता. माल त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचे, उधारी त्यांची. कुलूप मात्र दुसऱ्याचे!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. शिवाय कोणाकडे किती येणे आहे हेच ठाऊक नसेल तर वसुली कशी करणार? म्हणून ज्याची वही आपल्याच ताब्यात राहते अशा ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअरचा विचार व्यापारी बांधवांनी करावा, असे आम्हांला वाटते.

ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ रचना सर्वांसाठी खुली आहे, जे वापरण्यासाठी परवान्याची रक्कम द्यावी लागत नाही आणि जे कोणत्याही जाणकाराकडून दुरुस्त करून घेता येते असे सॉफ्टवेअर. विकणारा गेला तरी ते बंद पडत नाही. यातील तीन पर्याय आम्ही येथे मांडत आहोत.

पहिला ‘ईआरपीनेक्स्ट’. हे मुंबईचेच आहे. रुषभ मेहता यांच्या घरी फर्निचरचा व्यवसाय होता. त्यासाठी घेतलेले मोठे सॉफ्टवेअर उपयोगी पडले नाही, त्या अनुभवातून त्यांनी हे काम हाती घेतले. त्यांची कंपनी २००८ साली सुरू झाली व आज ती ‘फ्रापे’ नावाने ओळखली जाते. खरेदी-विक्री, साठा, खातेवही, कारखाना आणि काउंटरवरचे बिलिंग हे सर्व यात एकत्र आहे, आणि त्यातले काहीही पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले नाही. कच्चा माल बाहेर कारागिरांकडे देऊन तयार माल घेणाऱ्यांना जॉबवर्कची नोंद ठेवता येते. ई-इनव्हॉइस व ई-वे बिलासाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हा वेगळा, तोही ओपन सोर्स, भाग जोडता येतो. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधील व्यवहारांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरा ‘ओडू’. बेल्जियममध्ये २००५ साली ‘टायनी ईआरपी’ या नावाने सुरू झालेले हे सॉफ्टवेअर २०१४ पासून ओडू झाले. याचे काउंटर बिलिंग हाताळायला फार सोपे आहे. नवा नोकरही लवकर शिकतो, आणि बिले चालू असताना थोडा वेळ इंटरनेट गेले तरी काम अडत नाही. पण येथे एक मेख आहे. ओडूचे दोन प्रकार आहेत. ‘कम्युनिटी’ हा मोफत, तर ‘एंटरप्राइज’ला माणशी वर्गणी भरावी लागते. मोफत प्रकारात बिले करता येतात, परंतु संपूर्ण हिशेब-विभाग वर्गणीच्या प्रकारातच आहे. नव्या आवृत्तीवर जाण्याची कंपनीची सेवाही वर्गणीदारांसाठीच असते. दुकानदार मोफत म्हणून आत शिरतो आणि दोन वर्षांनी वर्गणीच्या दारात उभा राहतो, असे होऊ नये.

तिसरा ‘फ्रापे बुक्स’. एक दुकान, एक संगणक, एक मालक, अशांसाठी हे पुरेसे आहे. इंटरनेटशिवाय चालते आणि संपूर्ण हिशेब आपल्याच संगणकावरील एका फाइलमध्ये राहतो. ती फाइल रोज रात्री पेनड्राइव्हवर उतरवून घेतली की झाले. परंतु दोन शाखा, चार नोकर आणि गोदाम असेल तर हे तोकडे पडेल.

आता खर्चाचे स्पष्ट सांगतो. परवाना मोफत म्हणजे सर्व काही मोफत नव्हे. ईआरपीनेक्स्ट किंवा ओडू चालवायला सर्व्हर लागतो, मग तो दुकानात ठेवा की भाड्याने घ्या. ते बसवून देणारा आणि अडचणीला धावून येणारा माणूस लागतो. त्याची मजुरी द्यावीच लागते. शिवाय बहुतेक सीए मंडळींचा हात टॅलीवर बसलेला आहे. त्यांना एक्सेलमध्ये माहिती काढून देता येते, पण हे आधी बोलून घ्यावे. ज्यांचे काम टॅलीवर सुरळीत चालले आहे त्यांनी केवळ हौस म्हणून बदल करू नये.

खरी परीक्षा कराचे दर बदलतात तेव्हा होते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के असे दर लागू झाले. त्याआधी ही सीमा १,००० रुपयांची होती व तिच्या आत १२ टक्के कर होता. ज्यांना दर स्वतः बदलता येत होते त्यांचे काउंटर त्या दिवशी चालू राहिले; इतरांना विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहावी लागली. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर घेताना दर बदलण्याचे काम स्वतःच्या हाताने करून पाहावे.

आणखी एक उपयोग. शिल्लक मालाची यादी हव्या त्या तारखेची निघते, त्यामुळे जकातीच्या वेळी अंदाजावर राहावे लागत नाही. मात्र हे आकडे खरेदीच्या किमतीचे असतात. बाजारभाव कसा धरावा हे आलिमांना विचारून वेगळे मांडावे.

आमची सूचना अशी. निवड करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: सर्व माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते काय? बसवून देणारा उद्या आला नाही तर दुसरा कोणी मिळेल काय? बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला काय? मग एक महिना जुनी वही आणि नवे सॉफ्टवेअर बरोबरीने चालवा. महिनाअखेरीस रोकड, उधारी आणि साठा जुळला तरच जुनी वही बंद करा. बारकोडचे यंत्र आणि बिलाचा प्रिंटरही याच महिन्यात तपासून घ्या.

आमच्या त्या परिचितांनी पुढे कागदी बिलांच्या गठ्ठ्यांवरून उधारीची यादी पुन्हा लिहून काढली. ज्यांची बिले सापडली नाहीत, त्यांच्याकडे मागायला त्यांच्यापाशी आज काहीच पुरावा नाही.