राज्याबाहेरच्या मुलांचा दर आणि मेरिट स्कॉलरशिप

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारे एखादे मराठी घर घ्या. मुलगी अकरावीत, आई-बाबा दोघेही नोकरीत. रात्री जेवणे उरकल्यावर लॅपटॉप उघडून सरकारी विद्यापीठांच्या साइट बघायला बसतात आणि ट्यूशनच्या पानावर येऊन सगळेच गप्प होतात. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पदवी तीच, पण दर दोन. कॉलेज बोर्डाच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांचे सरासरी ट्यूशन व शुल्क राज्यातल्या विद्यार्थ्याला ११,६१० डॉलर होते आणि राज्याबाहेरच्याला ३०,७८०. राहण्याजेवण्याचा खर्च यात धरलेला नाही. या घराचे उत्पन्न असे, की गरजेवर आधारित मदत मिळत नाही, पण चार वर्षे पूर्ण दर भरायचा तर निवृत्तीच्या बचतीला हात लावावा लागतो. अशा घरांसाठी मेरिट स्कॉलरशिप हाच रस्ता उरतो, आणि तो सापडतो तो नेमक्या ठिकाणी शोधला तरच.

आधी दोन दरांचे कारण समजून घेऊ. सरकारी विद्यापीठाला राज्याच्या तिजोरीतून पैसे मिळतात, म्हणून त्या राज्यात कर भरणाऱ्यांच्या मुलांना स्वस्त दर. आपल्याकडे डोमिसाईलचा दाखला काढताना हाच विचार असतो. फरक एवढाच, की महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात जातात, म्हणजे डोमिसाईल जागेवर परिणाम करते. अमेरिकेत ते बहुतेक ठिकाणी किमतीवर परिणाम करते. (जागेवर मर्यादा घालणारेही आहेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल आवारात पहिल्या वर्षाला राज्याबाहेरचे विद्यार्थी १८ टक्क्यांपर्यंतच घेतात.) कनेटिकटने एकदा प्रवेशावेळी बाहेरचा असलेला विद्यार्थी शेवटपर्यंत बाहेरचाच, असा नियम केला होता. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्लँडिस विरुद्ध क्लाइन खटल्यात तो रद्द केला, पण खऱ्या रहिवाशांना स्वस्त दर देण्याचा राज्यांचा हक्क कायम ठेवला. म्हणून शिकायला येऊन वर्षभर खोली भाड्याने घेतली की आपण रहिवासी झालो, हा हिशेब चालत नाही. शिक्षण सोडून दुसऱ्या कारणासाठी इथे स्थायिक झालो आहोत, हे बहुतेक राज्ये दाखवायला लावतात.

मग हेच विद्यापीठ बाहेरच्या मुलाला सवलत का देते? शोधाची दिशा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. सवलत दिल्यावरही बाहेरचा विद्यार्थी बरेचदा स्थानिकापेक्षा जास्तच भरतो. शिवाय त्याचे गुण चांगले असतील तर विद्यापीठाची सरासरी वर जाते. अलाबामा विद्यापीठाचे उदाहरण यात सगळ्यात बोलके आहे. २००३ साली रॉबर्ट विट अध्यक्ष झाले तेव्हा तिथे साधारण २०,००० विद्यार्थी होते. राज्य लहान, सरकारी अनुदान घटत चाललेले, तेव्हा विद्यापीठाने देशभर माणसे पाठवून विद्यार्थी बोलावले आणि भरघोस स्कॉलरशिप ठेवल्या. २०१६ पर्यंत संख्या ३७,००० च्या वर गेली आणि राज्याबाहेरचे विद्यार्थी बहुसंख्य झाले. उलट बर्कली, यूसीएलए किंवा मिशिगनच्या दारात पूर्ण दर भरायला तयार असलेल्यांची रांगच असते. त्यांना सवलत देऊन कोणाला बोलवावे लागत नाही, म्हणून तिथे राज्याबाहेरच्यांसाठी मेरिटची रक्कम फार थोड्यांच्या वाट्याला येते. मराठी घरांत यादी सहसा याच नावांपासून सुरू होते, आणि एप्रिलमध्ये हातात प्रवेशपत्र असते पण पैशाचे पत्र नसते. मुलीच्या हुशारीचा त्यात काही दोष नसतो. त्या विद्यापीठाला तिची गरज नव्हती, इतकेच. माझे सांगणे असे, की यादी करताना आधी विचारा: कोणाला आपली मुलगी हवी आहे?

हे ओळखायला मदत करणारा एक दस्तऐवज आहे, आणि तो फार थोडे पालक उघडतात. त्याला कॉमन डेटा सेट म्हणतात. विद्यापीठाच्या नावापुढे हे तीन शब्द टाकून शोधले की बहुतेकांची पीडीएफ मिळते. त्यात ‘सी’ विभागात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांचे एसएटी आणि एसीटीचे गुण असतात. आपल्या मुलीचे गुण तिथल्या ७५ व्या पर्सेंटाइलच्या वर असतील तर ती त्या विद्यापीठाची सरासरी वाढवणार आहे. मग ‘एच’ विभागात जा आणि एच-२-ए हा तक्ता काढा. त्यातली ‘एन’ ओळ सांगते की आर्थिक गरज नसतानाही विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून किती जणांना स्कॉलरशिप दिली. ‘ओ’ ओळीत तिची सरासरी रक्कम असते. ‘एन’ला पहिल्या वर्षाच्या एकूण विद्यार्थ्यांनी भागले की कळते, इथे दहातल्या चौघांना काही मिळते की शंभरातल्या चौघांना. एक उणीव मात्र आहे. राज्यातले आणि बाहेरचे असा फरक या ओळी करत नाहीत. त्यामुळे हा तक्ता नावे गाळायला उत्तम, पण त्यावरून रकमेचा अंदाज बांधू नये.

रकमेसाठी विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर जावे लागते, आणि तिथे स्कॉलरशिपचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार आपोआप मिळणारा. अलाबामा आपला तक्ताच छापते: जीपीए इतका, एसएटी किंवा एसीटी इतका, तर राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला इतके डॉलर. निबंध नाही, मुलाखत नाही. अ‍ॅरिझोनातली मोठी सरकारी विद्यापीठे मुख्यतः शाळेतल्या मुख्य विषयांच्या जीपीएवर रक्कम ठरवतात आणि अ‍ॅरिझोना स्टेटच्या साइटवर गुण भरून अंदाज काढता येतो. अशा ठिकाणी अर्ज करण्याआधीच आकडा कळतो, आणि ज्या घराला ऑक्टोबरमध्येच बजेट मांडायचे आहे त्याला ही फार मोठी सोय आहे. तक्ता मात्र त्याच प्रवेश-वर्षाचा आहे ना, ते वरच्या ओळीत पाहा, कारण हे आकडे दरवर्षी बदलतात. शोधयंत्र अनेकदा जुने पान आधी दाखवते.

दुसरा प्रकार स्पर्धेचा. यात सगळा अर्ज वाचला जातो, कधी वेगळे निबंध असतात, कधी फेब्रुवारीत आवारात बोलावून मुलाखत. साउथ कॅरोलायना विद्यापीठाची मॅकनेअर स्कॉलरशिप खास राज्याबाहेरच्यांसाठी आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाची जेफरसन स्कॉलरशिप १९८० पासून चालू आहे आणि तिला शाळेने नाव पाठवावे लागते, म्हणून शाळेच्या समुपदेशकाकडे हा विषय अकरावी संपतानाच काढलेला बरा. चॅपल हिलची मोरहेड-केन तर १९४५ ची, अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिला मेरिट उपक्रम. या स्कॉलरशिप बहुतेक सगळा खर्च उचलतात, पण मिळतात मोजक्यांना. त्यांचा अर्ज जरूर करा, पण घराचा हिशेब त्यांवर बेतू नका.

तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात रक्कम लहान दिसते आणि परिणाम मोठा असतो. काही ठिकाणी स्कॉलरशिपमुळे दरच बदलतो. टेक्सासच्या कायद्यात तरतूद आहे की राज्याबाहेरच्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली, तर विद्यापीठ त्याला राज्यातल्या रहिवाशाचा दर लावू शकते. ती स्कॉलरशिप रहिवाशांनाही खुली असावी लागते, आणि अशी सवलत किती जणांना द्यायची यावर एकूण विद्यार्थिसंख्येच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पुण्या-मुंबईहून एमएस करायला डॅलसला किंवा कॉलेज स्टेशनला गेलेल्या मुलांना हा नियम चांगला ठाऊक असतो. हजार डॉलरच्या पत्रामागे वर्षाला कित्येक हजारांची बचत लपलेली असते. साउथ कॅरोलायनातही काही स्कॉलरशिपबरोबर ट्यूशनचा दर खाली येतो. म्हणून वर्णनात डॉलरच्या आकड्याशेजारी ‘इन-स्टेट दर’ किंवा ‘नॉन-रेसिडेंट वेव्हर’ असे काही लिहिले आहे का, ते शोधून वाचा.

याच्या जवळचाच एक रस्ता म्हणजे राज्याराज्यांतले करार. पश्चिमेकडच्या राज्यांत वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज आहे. त्यात सहभागी विद्यापीठ बाहेरच्या विद्यार्थ्याला राज्याच्या दराच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारत नाही. काही आवारे त्यासाठी किमान जीपीए मागतात, म्हणजे व्यवहारात ती मेरिट स्कॉलरशिपच होते. मिडवेस्टमध्ये असाच दीडपटीचा करार आहे. दक्षिणेतला अकॅडमिक कॉमन मार्केट आपल्या राज्यात न शिकवल्या जाणाऱ्या विषयासाठी बाहेरच्या राज्यात स्थानिक दर देतो. सॅन होजेच्या किंवा सिॲटलच्या घराने पश्चिमेचा करार पाहिलाच पाहिजे. एडिसनच्या घराला मात्र यातले काही नाही, कारण न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये यांपैकी एकाही करारात नाहीत. न्यू जर्सीतून बाहेर शिकायला जाणारी मुले देशात सर्वाधिक म्हणावीत इतकी आहेत, आणि त्यांच्यापुढे मेरिटचाच पर्याय राहतो.

फ्लोरिडाचा एक नियम सांगायला मला आवडतो, कारण त्यात आजी-आजोबा आहेत. २०२१ पासून तिथे बाहेरच्या विद्यार्थ्याचे आजी किंवा आजोबा राज्याचे कायदेशीर रहिवासी असतील आणि परीक्षेचे गुण देशातल्या ८९ व्या पर्सेंटाइलच्या खाली नसतील, तर राज्याबाहेरचा जादा दर माफ होतो. मर्यादा ३५० विद्यार्थ्यांची. पर्यटक व्हिसावर थंडीचे चार महिने येणारे आजोबा यात बसत नाहीत, पण काकांकडे ऑर्लँडोला कायमच्या राहिलेल्या आजी असतील तर विचारून पाहायला हवे.

तारखांबद्दल थोडेसे. प्रवेशाची शेवटची तारीख जानेवारीत असली तरी स्कॉलरशिपची तारीख बरेचदा १ नोव्हेंबर किंवा १ डिसेंबर असते, आणि ती स्कॉलरशिपच्या पानावर असते, प्रवेशाच्या नाही. अनेक विद्यापीठे ‘अर्ली ॲक्शन’ने, म्हणजे लवकरच्या मुदतीत, आलेल्या अर्जांचाच मेरिटसाठी विचार करतात. काही ठिकाणी अर्ज गेल्यावर वेगळे पोर्टल उघडते आणि त्याची सूचना मुलीच्या ईमेलवर येते, जो ती आठवड्यातून एकदा पाहते. हे काम घरातल्या मोठ्यांनी स्वतःकडे घ्यावे. आणि स्कॉलरशिप शोधून देतो म्हणून फी मागणाऱ्यांना एक डॉलरही देऊ नका. वरची सगळी माहिती फुकट आहे.

आता पत्र आले असे धरू. समजा ट्यूशन ३४,००० डॉलर आहे आणि स्कॉलरशिप वर्षाला २०,०००. पहिल्या वर्षी १४,००० भरायचे, म्हणजे चार वर्षांचे ५६,०००, असा हिशेब घरात होतो. पण स्कॉलरशिपची रक्कम ठरलेली असते आणि ट्यूशन वाढत जाते. वाढ दरवर्षी ४ टक्के धरली तर चौथ्या वर्षी ट्यूशन ३८,२०० च्या पुढे जाते, आपला वाटा १८,२०० च्या वर, आणि चार वर्षांची बेरीज ६४,००० च्या वर. स्कॉलरशिप डॉलरमध्ये आहे की ट्यूशनच्या टक्क्यांमध्ये, हा प्रश्न म्हणून पहिला. दुसरा, ती टिकवायला जीपीए किती लागतो, आणि तो सत्राला पाहतात की वर्षाला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ३.० राखणे आणि ३.५ राखणे यांत मुलीच्या झोपेइतका फरक असतो. तिसरा, सत्रे किती: आठच असतील आणि को-ऑपमुळे, म्हणजे शिकता शिकता केलेल्या नोकरीच्या सत्रामुळे, पदवीला नववे सत्र लागले तर काय. आणि पुढे कुटुंबच त्या राज्यात राहायला गेले, दर स्थानिक झाला, तर राज्याबाहेरच्यांसाठीची स्कॉलरशिप बहुधा काढून घेतात, हेही ध्यानात असू द्या. कराचेही थोडे आहे. ट्यूशन, शुल्क आणि लागणाऱ्या पुस्तकांसाठी वापरलेली स्कॉलरशिप करमुक्त असते. राहण्याजेवण्यावर गेलेला भाग करपात्र उत्पन्नात धरतात.

शेवटचा मुद्दा व्हिसाचा, आणि तो अनेक मराठी घरांच्या जिव्हारी लागणारा आहे. एच-४ वर, म्हणजे पालकांच्या एच-१बी नोकरी-व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, वाढलेले मूल केंद्र सरकारच्या विद्यार्थी मदतीला पात्र नसते. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिपचे नियम ते विद्यापीठच ठरवते, म्हणून दार बंद समजू नये. इथल्याच शाळेत बारावी झालेल्या मुलाला काही विद्यापीठे देशातल्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यात धरतात, काही परदेशी विद्यार्थ्यांच्या. दोन्ही तक्त्यांत मोठी तफावत असू शकते. दुसरी गोष्ट २१ व्या वाढदिवसाची. ग्रीन कार्डची रांग संपली नसेल तर त्या दिवशी एच-४ संपते आणि मूल बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाते, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पालकांच्या रहिवासामुळे स्थानिक दर मिळत असेल तर अनेक राज्यांत तो तेव्हा धोक्यात येतो; मेरिटची रक्कम व्हिसाला बांधलेली नसेल तर ती तशीच राहते. म्हणून अशा घरांनी १ मे ला होकार कळवण्याआधी आर्थिक मदत कार्यालयाला दोनच प्रश्न लिहावेत: आमच्या मुलीला कोणत्या तक्त्यात धरले आहे, आणि तिचा व्हिसा मध्येच एच-४ वरून एफ-१ झाला तर स्कॉलरशिप आणि दर दोन्हींचे काय होईल. फोनवर नको, ईमेलने विचारा, आणि आलेले उत्तर ऑफरच्या पत्राला जोडून ठेवा.