मारोतराव कन्नमवार : सीमावर्ती वनप्रदेशातील मध्यममार्गी लोकप्रतिनिधी

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वसलेल्या चांदा जिल्ह्याने, म्हणजेच आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांनी, राज्याला आजवर एकच मुख्यमंत्री दिला. मारोतराव सांबशिव तथा दादासाहेब कन्नमवार हे २० नोव्हेंबर १९६२ ते २४ नोव्हेंबर १९६३ या काळात महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री होते. त्यांचे नाव जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या संसदीय कारकिर्दीकडे राजकीय विश्लेषणाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात या कारकिर्दीच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे. राजधानीपासून दूर असलेल्या प्रदेशाचा मध्यममार्गी प्रतिनिधी आपल्या भागाला काय मिळवून देऊ शकतो, आणि त्या मार्गाच्या मर्यादा कोणत्या?

जडणघडण

कन्नमवार यांचा जन्म १० जानेवारी १९०० रोजी झाला. बेलदार समाजातील त्यांचे कुटुंब गरीब होते. जमीनदारी, पिढीजात संपत्ती, उच्च पदव्या अथवा संख्येने मोठा असलेला समाज यांपैकी कोणतेही पाठबळ त्यांच्यामागे नव्हते. राष्ट्रीय चळवळ व काँग्रेसचे संघटन हीच त्यांची शिडी ठरली. ज्या जिल्ह्यात अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत टिकून होत्या, तेथे एका सामान्य घरातील कार्यकर्ता जिल्ह्याचा नेता व्हावा, ही स्वतःच एक सामाजिक घटना होती.

त्यांच्या राजकीय स्वभावाचे एक स्पष्टीकरण या पार्श्वभूमीत सापडते. ज्याच्यामागे स्वतःची मोठी मतपेढी नसते, त्याला अनेक गटांचा विश्वास संपादन करूनच पुढे जावे लागते. त्यामुळे समन्वय हा अशा नेत्याच्या बाबतीत केवळ सद्गुण राहत नाही. ती त्याची कार्यपद्धती बनते.

एकच जिल्हा, तीन राज्ये

कन्नमवारांच्या कारकिर्दीचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य असे की, जिल्हा न बदलता त्यांनी तीन राज्यांच्या राजकारणात काम केले. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर ते तत्कालीन मध्य प्रदेशात पं. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. त्या राज्याची राजधानी नागपूर होती; चांद्यापासून ती सुमारे दीडशे किलोमीटरवर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. चांद्याची राजधानी आता आठशेहून अधिक किलोमीटर दूर गेली. सावली परिसरातील भातशेती, माजी मालगुजारी तलाव, बांबू व सागाची जंगले, वैनगंगेपलीकडील रस्ते यांविषयीचे निर्णय यापुढे मुंबईत होणार होते. कन्नमवारांनी यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात काम केले आणि १९६२ मध्ये ते सावली मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले.

या स्थित्यंतरामागे तीव्र वाद होता. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये या आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. त्यापूर्वी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात एकत्रित मराठी राज्यात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा व नोकऱ्यांचा वाटा मिळेल, तसेच विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला भरेल, असे आश्वासन देण्यात आले होते. लोकनायक बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी हे स्वतंत्र विदर्भाचे आग्रही पुरस्कर्ते होते. पश्चिम महाराष्ट्रात मात्र संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती. १९५७च्या निवडणुकीत तेथे काँग्रेसची पीछेहाट झाली, तेव्हा विदर्भ व गुजरातमधील जागांच्या बळावर पक्षाची सत्ता टिकली. विदर्भातील काँग्रेस नेत्यांना राज्याच्या राजकारणात वजन प्राप्त झाले ते या गणितामुळे.

१९६२ या वर्षात दोन्ही मार्ग समोरासमोर दिसतात. लोकसभेच्या निवडणुकीत नागपूरकरांनी अणे यांना निवडून दिले. चांदा लोकसभा मतदारसंघातून लाल श्यामशाह हे अपक्ष उमेदवार विजयी झाले. म्हणजे प्रस्थापित पक्षाविषयीचा असंतोष कन्नमवारांच्या स्वतःच्या जिल्ह्यातही होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कन्नमवार संयुक्त राज्याचे मुख्यमंत्री झाले. राज्याबाहेर पडण्याचा मार्ग एकीकडे होता. राज्यात राहून सत्तेच्या केंद्रापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दुसरीकडे होता. कन्नमवारांनी दुसरा मार्ग स्वीकारला.

मुख्यमंत्रिपदाचे वर्ष

हे पद त्यांच्याकडे आले ते राष्ट्रीय संकटाच्या काळात. चिनी आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली होती. कृष्ण मेनन यांच्या राजीनाम्यानंतर चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि राज्याची धुरा कन्नमवारांकडे आली. त्यांची संपूर्ण कारकीर्द आणीबाणीतच गेली. संरक्षण निधीचे संकलन, नागरी संरक्षण व संरक्षण उत्पादनास साहाय्य यांना अग्रक्रम देणे क्रमप्राप्त होते. वनप्रदेशातील एका नेत्याच्या हाती प्रथमच राज्याची सूत्रे आली, परंतु त्याच क्षणी प्रादेशिक प्रश्न दुय्यम ठरले, हा या वर्षातील विरोधाभास होय.

भद्रावतीजवळील आयुधनिर्माणी ही त्या कालखंडातील संरक्षणविस्ताराची खूण आहे. तिच्या उभारणीचे श्रेय जिल्ह्यात कन्नमवारांना दिले जाते. असा कारखाना हा केंद्र सरकारचा निर्णय असतो, हे लक्षात घेऊनच या श्रेयाचे मूल्यमापन करावे लागेल. तथापि राष्ट्रीय गरज व जिल्ह्याचे हित यांचा मेळ घालणे हेच मध्यममार्गी प्रतिनिधीचे खास क्षेत्र असते, आणि भद्रावतीचे उदाहरण त्या क्षेत्रातील आहे.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते महाराष्ट्राचे एकमेव मुख्यमंत्री आहेत. बाळासाहेब तथा पी. के. सावंत यांच्या हंगामी कारभारानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. तेही विदर्भाचेच होते. संयुक्त राज्यात विदर्भाच्या नेतृत्वाला सर्वोच्च पद मिळू शकते, ही गोष्ट कन्नमवारांच्या निवडीने सिद्ध केली होती. नाईकांच्या प्रदीर्घ कारकिर्दीने ती दृढ झाली.

मूल्यमापन

लोकप्रतिनिधी हा मतदारांचा केवळ निरोप्या असतो की समग्र हिताचा विश्वस्त, हा प्रश्न एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांसमोर मांडला आणि विश्वस्ताच्या बाजूने कौल दिला. बर्कच्या विवेचनात न येणारी एक अडचण कन्नमवारांच्या उदाहरणातून पुढे येते. मागास व दूरस्थ प्रदेशाचा प्रतिनिधी समग्र राज्याचा विश्वस्त बनतो, तेव्हा त्याच्या प्रदेशाची बाजू मांडणारा दुसरा समर्थ आवाज त्या सभागृहात उरतोच असे नाही.

मध्यममार्गाचे खरे भांडवल म्हणजे सत्तेपर्यंतची पोहोच. परंतु ही पोहोच व्यक्तीच्या ठायी असते. व्यक्ती गेली की ती संपते. नागपूर करारातील आश्वासनांमागेही प्रारंभी मुख्यतः सद्भावनेचेच बळ होते. १९५६ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली, तरी प्रत्यक्ष मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. तत्पूर्वी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातील प्रादेशिक अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये असल्याचे दाखवून दिले. त्यातील सुमारे ३९ टक्के अनुशेष विदर्भाचा होता. विशेष म्हणजे त्या वेळेपर्यंतच्या २४ वर्षांपैकी १२ वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्रिपद विदर्भाकडे होते. मुख्यमंत्री आपल्या भागाचा असणे आणि भागाला न्याय्य वाटा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

यावरून मध्यममार्ग निष्फळ ठरला, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. एका गरीब कुटुंबातील कार्यकर्त्याने जंगलव्याप्त जिल्ह्याला राज्याच्या नकाशावर स्थान मिळवून दिले, आणि प्रादेशिक कटुतेच्या काळात नव्या राज्याची एकसंधता टिकण्यास त्यातून हातभार लागला. चामोर्शी तालुक्यात दिना प्रकल्पाच्या जलाशयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे, तसेच मुंबईत विक्रोळीची वसाहतही त्यांच्या नावाने ओळखली जाते. राज्याच्या दोन टोकांवरील ही दोन नावे त्यांच्या राजकारणाचा व्याप सूचित करतात.

समारोप

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ मध्ये तेथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. विकास मंडळांची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० रोजी संपुष्टात आली. जे जिल्हा, विद्यापीठ वा वैधानिक मंडळ यांच्या रूपाने कायद्यात उतरते, त्याचा जाब पुढील पिढ्या विचारू शकतात. जे केवळ नेत्याच्या शब्दावर अवलंबून असते, ते त्याच्याबरोबर जाते. मध्यममार्गी लोकप्रतिनिधीने मिळवलेल्या विश्वासाचे त्याच्या हयातीतच संस्थात्मक हमीत रूपांतर झाले पाहिजे, हा कन्नमवारांच्या अल्प कारकिर्दीतून मिळणारा बोध आहे. त्यांना त्यासाठी अवघे एक वर्ष आणि चार दिवस मिळाले. त्यांच्यानंतर आलेल्यांना वेळेची सबब सांगता येणार नाही.