खेळाडूंची अदलाबदल : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च महिना उजाडला आणि आयपीएलचे पडघम वाजू लागले, की विठ्ठलवाडीच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या मंडळींत एक निराळाच व्यवहार रंगू लागतो. एरवी कचेरीतल्या फायली, एसटी आगारातली पाळी किंवा उल्हासनगर कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यातला अडकलेला माल यांचीच चिंता वाहणारे, आणि ज्यांच्या नावे सातबाऱ्यावर एक गुंठाही सापडायचा नाही असे हे सद्गृहस्थ, त्या दोन महिन्यांपुरते बुमराहचे, शुभमन गिलचे नाहीतर राशीद खानचे धनी झालेले असतात. आणि एकदा धनीपण आले म्हणजे त्यामागोमाग देवघेव, घासाघीस, रुसवेफुगवे आणि क्वचित अबोलाही येतो. मालकी काल्पनिक असली तरी अबोला मात्र अस्सल असतो. या अबोल्यांच्या मुळाशी लोभ असतो असे सामान्यतः मानले जाते. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा तेथे अदलाबदलीच्या रीतीविषयीचे अज्ञानच आढळले आहे.

मुळात फँटसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मोजायचा खेळ, म्हटली की मोबाईलवरचे ॲप डोळ्यांपुढे येते आणि अदलाबदल ही त्या ॲपांचीच देणगी असावी असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी 2008 मध्ये स्थापन केलेल्या ड्रीम इलेव्हनने हा खेळ आपल्याकडे घरोघर नेला हे खरे. परंतु तेथील खेळात एकच विराट कोहली लक्षावधी लोक आपापल्या संघात एकाच वेळी घेऊ शकत, आणि जी वस्तू सर्वांनाच मिळते तिची अदलाबदल कोण कोणाशी करणार? सौद्याचा जन्म होतो तो एक खेळाडू, एकच मालक हा दंडक जेथे पाळला जातो तेथे. 1980 मध्ये डॅनियल ओक्रेन्ट या लेखकाने न्यूयॉर्कमधील आपल्या स्नेह्यांसह बेसबॉलची जी लीग आरंभली आणि ज्या उपाहारगृहात ते भेटत त्याचेच ‘रोटिसरी’ हे नाव जिला पडले, तिच्यात हाच दंडक होता. आणि रविवारी कोणाच्या तरी घरी आठदहा जण जमून, प्रत्येकी शंभर काल्पनिक कोटींची थैली घेऊन, कांदाभजीच्या साक्षीने जो लिलाव आपल्याकडे करतात, त्यातही तोच असतो.

या कोटींच्या थैलीवरून दुसरा एक गैरसमज उद्भवतो, तोही येथेच निकालात काढणे बरे. खऱ्या पैशावाचून खेळाला रंग चढत नाही, असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक गटात एक तरी असतात. ऑनलाइन खेळांच्या नियमनासाठी संसदेने केलेल्या आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे की दैवाचे हा जुना वाद बाजूस सारून, सरसकट बंदी घातली; आणि ड्रीम इलेव्हनलाही आपल्या सशुल्क स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. कायद्याची बाब क्षणभर दूर ठेवली तरी, पैसा आला की प्रत्येक प्रस्तावाकडे संशयाने पाहिले जाते, आणि संशयाने पाहणाऱ्या माणसाशी सौदा करणे हे उन्हाळ्यात बदलापूरच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळवण्याइतकेच दुर्घट.

आता मुख्य गैरसमजाकडे वळू. उत्तम सौदा म्हणजे ज्यात समोरचा फसतो तो, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे, की सौदा पुरा झाल्यावर दोघेही समाधानी दिसले तर बाकीच्यांना त्यात काहीतरी काळेबेरे वाटू लागते. आयपीएलच्या आरंभकाळातील एक उदाहरण या बाबतीत मननीय आहे. 2009 च्या हंगामापूर्वी मुंबईने रॉबिन उथप्पाला बंगळूरकडे धाडले आणि बंगळूरकडून झहीर खानला घेतले. उथप्पा कर्नाटकाचा, म्हणजे त्या संघाचा घरचा फलंदाज. झहीर श्रीरामपूरचा, मुंबईकडून रणजी खेळलेला. एकाला फलंदाज हवा होता, दुसऱ्याला गोलंदाज, आणि दोन्ही खेळाडू आपापल्या माणसांत परतत होते. पुढे 2009 चा अंतिम सामना बंगळूर खेळले, 2010 चा मुंबई. दोघेही हरले, ही गोष्ट अलाहिदा. या सौद्यात कोण जिंकले, असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देता येणार नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. दोघांच्या गरजा भिन्न असतात, म्हणूनच देवघेवीत दोघांचाही लाभ संभवतो. गरजा समान असतील तर सौदा जुळवायला जाणेच व्यर्थ.

यावरून प्रस्ताव कसा लिहावा हेही ओघानेच ठरते. पुष्कळांचा प्रस्ताव रात्री साडेअकराला, सामना हरल्याच्या तिरीमिरीत येतो आणि तो असा असतो : ‘बुमराह दे, दोन घे. आत्ताच सांग.’ हे दोन कोण, ते का, आणि समोरच्याने ते घेऊन करायचे काय, याचा त्यात पत्ताच नसतो. याउलट माझ्या पाहण्यातला एक नमुनेदार मसुदा उतरवून देतो : ‘दादा, तुमच्याकडे तीन कीपर आहेत आणि शेवटची षटके टाकणारा एकही नाही, माझं नेमकं उलटं आहे. अर्शदीप घ्या, जितेश द्या. शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, पण कळवा.’ लिहिणाऱ्याने आधी समोरच्याचा संघ वाचला आहे, त्याची उणीव कमीपणा न आणता सांगितली आहे, स्वतःची गरजही लपवलेली नाही, मुदत घातली आहे, आणि नकाराची वाट मोकळी ठेवली आहे. यापैकी शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची, कारण नकार देणे ज्याला अवघड जाते तो माणूस ‘बघतो’ म्हणतो, आणि ते बघणे हंगाम संपेपर्यंत चालते.

येथे कोणी म्हणेल, गरज उघड केली तर भाव चढतो. आरंभी पडेल भाव सांगून मग हळूहळू वर चढावे, हाच बाजाराचा न्याय. उल्हासनगरच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हा न्याय शिकवावा लागत नाही. जुन्या लष्करी छावणीच्या बराकींत वसवलेल्या या निर्वासितांच्या वस्तीला 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि सर्वस्व मागे टाकून आलेल्या सिंधी मंडळींनी शून्यातून येथे बाजारपेठ उभी केली. तेथे सणासुदीच्या खरेदीला गेलेले गिऱ्हाईक सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलू लागते, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच बाजारात वर्षानुवर्षे एकाच पेढीवरून ठोक माल उचलणाऱ्या दुकानदाराचे बोलणे कधी कान देऊन ऐका. तेथे पहिला आकडाच शेवटच्या आकड्याच्या जवळपास असतो, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा तोंड दाखवायचे असते. आठदहा जणांची लीग ही त्या ठोक व्यवहाराच्या जातीची आहे. ज्याला तुम्ही गिलच्या बदल्यात बाकावर बसून राहिलेला खेळाडू देऊ केलात, तो उद्या आठ वाजता त्याच डब्यात, त्याच दांडीला धरून, तुमच्या शेजारी उभा राहणार आहे.

पडेल भाव सांगणारा मनुष्य दर वेळी लबाडच असतो, हाही मात्र गैरसमजच. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचे साधे मग दिले आणि ते विकायचे झाल्यास काय घ्याल, असे विचारले. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना, विकत घ्यायचा झाल्यास काय द्याल, असे विचारले. मालकांनी मागितलेली किंमत खरेदीदारांच्या किमतीच्या दुपटीच्या घरात निघाली. मग हाती येऊन पुरता तासही झाला नसेल! मग ज्या खेळाडूसाठी आपण लिलावात शेजाऱ्याशी ईर्षेने बोली चढवली, त्याच्याविषयी काय बोलावे? तात्पर्य, समोरच्याची मागणी अवास्तव वाटली तर ती त्याच्या ममत्वाची खूण समजावी, आणि आपली मागणी त्याला तितकीच अवास्तव वाटत असणार हेही जाणून असावे.

एकाच्या बदल्यात दोन दिले म्हणजे अधिक दिले, हा हिशेब तर शाळकरी पोराचाही चुकू नये असा, आणि तरी तो सर्रास चुकतो. संघात जागा मोजक्या. दोन घेणाऱ्याला एक स्वतःचा सोडावा लागतो, आणि त्या सोडलेल्याची किंमत कोणी धरीत नाही. प्रत्यक्ष आयपीएलमध्येही संघात पंचवीसांहून अधिक खेळाडू ठेवता येत नाहीत, त्यांत परदेशी आठच, आणि मैदानावरच्या अकरांत सामान्यतः परदेशी चारच. 2025 च्या नोव्हेंबरात संजू सॅमसन अठरा कोटींना चेन्नईकडे गेला आणि त्याच्या मोबदल्यात रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानकडे आले, तेव्हा वरवर पाहता एकास दोन असा तो सौदा. परंतु अठरा कोटींच्या जडेजाचा आकडा चौदांवर आला, आणि करन परदेशी असल्यामुळे राजस्थानला त्याच्यासाठी जागाही मोकळी करावी लागली. हार्दिक पंड्याचे प्रकरण याहून बोधप्रद. 2023 च्या नोव्हेंबरात गुजरातने त्याला मुंबईच्या हवाली केले ते पंधरा कोटी रोख घेऊन. मुंबईला ती रक्कम उभी करता आली ती कॅमेरून ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळूरकडे दिल्यामुळे. म्हणजे दोघांच्या दिसणाऱ्या व्यवहारात तिसरा भिडू होता. शहाणा प्रस्तावक अशी तीन टोकांची गाठ आधी मनात बांधतो आणि मग पहिल्याला फोन करतो.

जडेजाचे नाव निघालेच आहे म्हणून आणखी एका समजुतीचा निकाल लावू. खेळाडू हे मालकांच्या मर्जीने इकडून तिकडे हलवायचे मोहरे, असे आपण मानतो; प्रत्यक्षात आयपीएलच्या अदलाबदलीस खेळाडूचीही कबुली लागते. तथापि त्या कबुलीलाही शिस्त आहे. राजस्थानशी बांधील असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल हाच जडेजा 2010 च्या संपूर्ण हंगामास मुकला होता. पंधरा वर्षांनी तो राजस्थानकडेच परतला, रीतसर, राजमार्गाने. आपल्या लीगमध्ये खेळाडूंची संमती विचारण्याचा प्रश्न येत नाही, परंतु परस्पर बोलण्याचा येतो. मालकाला सोडून त्याच्या मित्राकडे चाचपणी करणे, सर्वांच्या ग्रुपवर ‘अमक्याने हा विकायलाच हवा’ असे सूर लावणे, किंवा दोघांची खाजगी बोलणी चालू असताना त्यांतला आकडा तिसऱ्याला सांगून त्याच्याकडून चढा भाव काढणे, हे सारे त्याच सदरात मोडते. पहिले बोलणे मालकाशी आणि खाजगीत. सर्वांसमोर जायचा तो पुरा झालेला तहनामा.

तहनामा जाहीर झाला की व्हेटोचे नाट्य सुरू होते. इतर सभासदांना नकाराधिकार दिलेला असेल तर न आवडलेला सौदा हाणून पाडणे हा आपला हक्कच, असे मानण्याची प्रथा आहे. हा अधिकार आहे तो संगनमत रोखण्यासाठी. म्हणजे तळाला गेलेल्या एकाने आपले मोहरे मित्राच्या पदरात फुकट टाकले तर त्याला आळा घालण्यासाठी. एखाद्याने मूर्खपणाचा सौदा केला, तर मूर्खपणा करण्याचा त्याचा अधिकार अबाधित आहे. माझे स्पष्ट मत असे, की व्हेटो सभासदांच्या मतांवर न सोपवता, त्या हंगामात स्वतः न खेळणाऱ्या एका माणसाकडे पंच म्हणून द्यावा. मतदान करणारा प्रत्येक जण प्रतिस्पर्धी असतो, आणि प्रतिस्पर्ध्याची न्यायबुद्धी गुणतक्त्यावर डोळा ठेवूनच जागी होते.

वेळेविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. दुखापतीची बातमी वर्तमानपत्रात येऊन गेली असेल आणि समोरच्याने ती वाचली नसेल, तर तिचा लाभ घेणे चातुर्यात मोडते की कपटात, यावर दुमत संभवते. मला ते कपटच वाटते, पण वाचण्याचा आळस करणाऱ्याविषयीही फारशी सहानुभूती वाटत नाही. मात्र नाणेफेकीच्या घटकेला केलेल्या सौद्यांना सरसकट बंदीच हवी. 2023 पासून संघ आपले अकरा खेळाडू नाणेफेकीनंतर जाहीर करतात, आणि इम्पॅक्ट प्लेअरच्या नियमामुळे पाच बदली खेळाडूंची नावेही तेव्हाच कळतात. त्या दोन मिनिटांत ज्याच्या मोबाईलला रेंज आहे तो, अंबरनाथच्या पुढे गाडीत रेंज गेलेल्या माणसाला सहज लुबाडू शकतो. म्हणून दिवसाचा सौदा दुपारी बारापूर्वी, आणि हंगामाचा शेवटचा सौदा साखळीतील अखेरचा आठवडा सुरू होण्यापूर्वी, अशी मुदत लिलावाच्याच दिवशी कागदावर उतरवून सर्वांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या.

राहता राहिली सौद्यानंतरची वागणूक. दिलेला खेळाडू दुसऱ्याच दिवशी शतक ठोकतो, आणि देणारा ‘ते आपलं सहज बोलणं होतं’ असे म्हणू लागतो. घेणारा त्याच शतकाची चित्रफीत ग्रुपवर तीनदा टाकतो. दोघांनाही एकच नियम लागू करावा. ग्रुपवर दोघांनी ‘मंजूर’ असे लिहिले की व्यवहार पक्का, आणि तो उलटवायचा झाल्यास त्या खेळाडूंपैकी कोणाचाही पुढचा सामना सुरू होण्याआधी, दोघांच्याही लेखी संमतीने आणि पंचाच्या मंजुरीनेच उलटवता येईल. चित्रफितीविषयी नियम करणे कठीण. तिच्या बाबतीत एक वेळ माफ, दुसऱ्या वेळेस सर्वांचा चहा, ही शिक्षा मी कित्येक ठिकाणी यशस्वीपणे अमलात आलेली पाहिली आहे.