आपला फोटो नापास का होतो?

दुसरबीडच्या आम्ही बचत गटाच्या बाया आज फोटोबद्दल बोलणार आहोत. स्टेटसला ठेवायचा फोटो नव्हे, तर विकायचा फोटो.

पुस्तकं छापणारे, जाहिराती करणारे, मासिकं काढणारे यांना रोज फोटो लागतात. दर वेळी ते फोटोग्राफर पाठवत नाहीत. शटरस्टॉक, ॲडोबी स्टॉक अशी फोटोंची मोठी ऑनलाइन भांडारं आहेत, तिथून ते फोटो विकत घेतात. अठरा वर्षांवरचं कोणीही तिथे खातं उघडून फोटो देऊ शकतं, आणि त्याची फी नसते. म्हणून "खातं काढून देतो, पाचशे रुपये द्या" असं कोणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. खातं स्वतःच्या नावानं काढा आणि पासवर्ड आपल्याकडेच ठेवा.

बाजार समितीत सोयाबीन नेलं की आधी ओलावा पाहतात, काडीकचरा पाहतात. इथंही तसंच आहे. फोटो तपासला जातो आणि पुष्कळ फोटो परत येतात. ते का येतात, हे समजलं की अर्धं काम झालं.

पहिलं कारण आकार. या दोन्ही भांडारांना निदान ४ मेगापिक्सेलचा फोटो लागतो. मेगापिक्सेल म्हणजे लांबीचे ठिपके गुणिले रुंदीचे ठिपके. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, म्हणजेच १२ मेगापिक्सेल. आजचे बरेच मोबाईल एवढा फोटो देतात. पण तोच फोटो मुलीला व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आकसतो. १६०० गुणिले १२०० झाला, तर २ मेगापिक्सेलही उरत नाहीत. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा केबलनं काढून घ्या.

दुसरं कारण उजेड. अंधाऱ्या स्वयंपाकघरात काढलेला फोटो मोठा करून पाहिला की त्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. त्याला नॉइज म्हणतात. म्हणून कुरडया, सांडगे, पापड यांचे फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा ओसरीच्या सावलीत काढा. भर दुपारी पांढरी कुरडई नुसती चमकते, तिची नक्षी दिसत नाही.

तिसरं कारण अस्पष्टपणा. आधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडानं पुसा, कारण कणकेचा नि तेलाचा हात तिला लागलेला असतो. कोपरं अंगाशी धरा. जी वस्तू दाखवायची, तिच्यावर पडद्यावर बोट ठेवा. झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. गोरं करणारे फिल्टर बंद ठेवा. पाठवण्याआधी फोटो पूर्ण मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा.

चौथं कारण कंपनीचं नाव. खताच्या गोणीवर, तेलाच्या डब्यावर, ट्रॅक्टरवर नाव किंवा चिन्ह दिसलं, तर जाहिरातीसाठी तो फोटो चालत नाही. गोणी उलटी ठेवा, डबा बाजूला करा. आणि एकाच वाळवणाचे तीस फोटो देऊ नका. वेगवेगळे तीन निवडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटोत माणूस ओळखू येत असेल, तर त्या माणसाची लेखी संमती लागते. भांडाराचा त्यासाठी ठरलेला फॉर्म असतो. मूल असेल तर पालकाची सही लागते. नुसता चेहराच नाही, हातावर गोंदलेल्या नावावरूनही माणूस ओळखू येतो.

ही सही म्हणजे नुसता कागद समजू नका. कापूस वेचणाऱ्या आपल्या मावशीचा फोटो विकला गेला, तर तो उद्या औषधाच्या, कर्जाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीत दिसू शकतो. कोण घेईल, कुठे छापेल, हे ना तिच्या हातात ना आपल्या. फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. म्हणून सही किंवा अंगठा घेण्याआधी तो मराठीत वाचून दाखवा, हे सगळं समजावून सांगा, आणि घरी विचार करायला एक दिवस द्या. ती नको म्हणाली, तर विषय संपला. आपली गटातली ओळख आहे म्हणून तिनं हो म्हणावं, असं होऊ नये. पैसे आले तर तिचा वाटा किती, हेही आधीच ठरवा. हे जमत नसेल तर पीक, पदार्थ, गोधडी, बैलांचा साज यांचेच फोटो काढा. त्यात कोणाचा चेहरा अडकत नाही.

फोटोसोबत इंग्रजीत नाव आणि शोधशब्द द्यावे लागतात. नुसतं 'अन्न' लिहून भागत नाही. काय आहे, कशाचं आहे, कुठलं आहे, ते लिहा. शिकत्या मुलींना सोबत घ्या.

पैशाचंही खरं सांगतो. ॲडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के देते. शटरस्टॉकवर वर्षभरात किती फोटो विकले गेले त्यावर १५ ते ४० टक्के मिळतात. एका विक्रीचे कधी आठ-दहा रुपयेच येतात. त्यामुळे यावर घर चालेल असं धरू नका, आणि यासाठी कर्ज काढून मोबाईल तर मुळीच घेऊ नका.

पण शिकलेलं वाया जात नाही. हाच स्वच्छ, उजेडातला फोटो गटाच्या पापडाच्या पाकिटावर आणि प्रदर्शनाच्या फलकावर कामी येतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एका वस्तूचे तीन फोटो काढून आणा. मोठे करून बघू आणि आपणच पास-नापास ठरवू.