पेट्रोलचा ऑक्टेन : कोणाला, किती?

‘डॉक्टर, जरा भारी औषध द्या’ म्हणणारा रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पेट्रोल पंपावर मात्र आपल्यापैकी बरेच जण तेच करतात. ‘प्रीमियम’ भरले की गाडी अधिक पळते, अशी त्यांची समजूत असते. तिचा खरेखोटेपणा तपासावा म्हणून हा लेखनप्रपंच.

इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी ठिणगीने पेटते. ज्योत शिस्तीने पुढे सरकावी, ही अपेक्षा. ती पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकले, तर धातूवर घाव बसल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. तवंदी घाटात भरलेली गाडी वरच्याच गिअरमध्ये रेटली की तो ऐकू येतो. फार काळ चालल्यास पिस्टनला इजा होते. हा भडका रोखण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० व नॉर्मल हेप्टेनला शून्य मानून, ठरावीक चाचणी-इंजिनात हे माप काढतात. त्यात ताकदीचे मोजमाप कोठेच नाही.

ऑक्टेन वाढविण्याच्या एका उपायाचा इतिहास वैद्यकाला क्लेशदायक आहे. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबविले. पुढे त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा झाली. तरीही जगभरच्या मुलांच्या रक्तात ते शिसे अनेक दशके जातच राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. अल्जीरियात शेवटचा साठा संपायला २०२१ उजाडले.

आज तेच काम इथेनॉल करते, आणि ते आपल्या भागातील उसापासूनही तयार होते. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१. वीस टक्के इथेनॉलमुळे तो ९५ झाल्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितले. इथेनॉलमध्ये ऊर्जा मात्र पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडे घटते. ऑक्टेन वाढला आणि अॅव्हरेज घटले, हे दोन्ही एकाच टाकीत घडू शकते!

तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतील किंवा टाकीच्या झाकणामागील अंक पाहावा. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला अधिक ऑक्टेन देऊन इंजिनाची ताकद वाढत नाही. टर्बो किंवा अधिक दाबाच्या इंजिनासाठी उत्पादकाने वरचा अंक सांगितला असेल, तर तेथे काटकसर करू नये. अशा गाडीत सेन्सर नॉकिंग ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण जोर कमी होतो. जुनी गाडी अचानक नॉक करू लागली, तर महाग पेट्रोलाआधी कार्बनचा थर, टायमिंग व कूलंट तपासून घ्यावे. निदानाआधी औषध नको, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

निपाणी व कागल येथील पेट्रोलच्या दरांत फरक असतो तो दोन राज्यांच्या करांमुळे. ऑक्टेनचा त्याच्याशी संबंध नाही. डिझेल गाडीवाल्यांनी तर हा लेख बाजूला ठेवला तरी चालेल. तेथे इंधन लवकर पेटणे हाच गुण, आणि त्याचे माप सीटेन.