वाहनांतील कापडी आसनांची निगा : घाम, डाग व दुर्गंधी यांचे निवारण

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करण्यास शेतकरी कधी चुकत नाही. औताला तेल, मोटेला नवा दोर, गोठ्याला शेणसारवण, ही निगा आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप आणि मालवाहू टेंपो ही वाहने शेतीच्या कामात रुळल्यानंतर त्यांच्या इंजिनाची व टायरांची देखभाल करण्याचीही सवय लागली. परंतु ज्या आसनावर चालक दिवसाचे आठ-दहा तास बसतो, त्या आसनाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घाम, चिखल, दूध, चहा, ग्रीस आणि फवारणीची औषधे हे सर्व त्या कापडात मुरत राहते. त्याच आसनावर संध्याकाळी घरातील मुले बसून बाजारास जातात. म्हणून आसनाची स्वच्छता हा केवळ टापटिपीचा प्रश्न नसून आरोग्याचा प्रश्न आहे.

दुर्गंधी कशामुळे येते?

घामाचा बहुतेक भाग पाणी असते. त्यात मीठ आणि अल्प प्रमाणात युरिया व लॅक्टिक आम्ल असते. नुकत्याच आलेल्या घामाला फारसा वास नसतो. परंतु घाम, त्वचेवरील तेलकट स्राव आणि मृत त्वचेचे कण कापडात साठले, म्हणजे त्यांवर सूक्ष्म जंतूंची वाढ होते. हे जंतू त्या पदार्थांचे विघटन करतात आणि त्यातून दुर्गंधी निर्माण होते. आसनावर दिसणाऱ्या पांढऱ्या कडा म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले मीठ होय.

कापडाखाली फोमची जाड गादी असते. ती स्पंजाप्रमाणे ओल शोषून घेते व लवकर सोडत नाही. म्हणून वरवर अत्तर वा सुवासिक फवारा मारून दुर्गंधी जात नाही. ती काही काळ झाकली जाते इतकेच. त्याचप्रमाणे आसनावर बादलीभर पाणी ओतणे हाही उपाय नव्हे. फोममध्ये पाणी साचून राहिले, तर बुरशी येते आणि पूर्वीपेक्षा अधिक घाण वास सुटतो. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हा अनुभव विशेष येतो. पाणी कमी, फेस अधिक आणि वाळवण पूर्ण, हे या कामाचे मुख्य सूत्र आहे.

साफ करण्याची पद्धत

हे काम सकाळी, कोरड्या व उन्हाच्या दिवशी हाती घ्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत आसन वाळण्यास अवधी मिळतो. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. गाडी बंद करून सर्व दरवाजे उघडावेत. आसनावरील धूळ, माती व भुसा कोरड्या ब्रशाने झाडून काढावा. चिखल ओला असल्यास तो आधी वाळू द्यावा. ओला चिखल पुसल्यास कापडात अधिक खोल जातो.

२. आसनावर खाण्याचा सोडा पातळ थरात भुरभुरावा व तीन-चार तास, शक्य असल्यास रात्रभर, तसाच ठेवावा. आंबूस वास ज्या आम्लांमुळे येतो, त्यांना सोडा निष्प्रभ करतो. नंतर तो ब्रशाने पूर्णपणे झाडावा. धुण्याचा सोडा मात्र वापरू नये. तो फार तीव्र असतो व त्याने कापडाचा रंग जातो.

३. एक लिटर कोमट पाण्यात भांडी धुण्याचा द्रवरूप साबण एक चहाचा चमचा टाकून फेस करावा. प्रथम आसनाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तो लावून रंग सुटत नाही ना, हे पाहावे.

४. मऊ ब्रशाने केवळ फेस घेऊन कापडावर हलक्या हाताने चोळावा. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा संपूर्ण भाग एका वेळी घ्यावा. मधलाच तुकडा धुतल्यास वाळताना त्याच्या कडेला पाण्याची वर्तुळे उमटतात.

५. स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसावे. घामातील मीठ व साबण याच वेळी निघून जातात. साबण मागे राहिला, तर आसन चिकट होऊन धूळ अधिक धरते.

६. कोरडा पंचा आसनावर दाबून ओल टिपून घ्यावी. नंतर दरवाजे उघडे ठेवून गाडी वाऱ्याला उभी करावी. हात दाबून पाहिल्यावर ओल लागत नाही तोपर्यंत त्यावर बसू नये व दरवाजेही लावू नयेत.

अनेक गाड्यांत आसनाखाली विजेच्या तारा आणि सुरक्षापट्ट्याची व हवाई पिशव्यांची जोडणी असते. काही वाहनांत बॅटरीही तेथेच असते. तेथे पाणी जाऊ देऊ नये. सुरक्षापट्टा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावा. त्यास विरंजक द्रव लावू नये. त्याने धागे कमकुवत होतात आणि अपघातसमयी पट्टा दगा देऊ शकतो.

डागानुसार उपाय

रक्त, दूध व घाम : या डागांत प्रथिने असतात. ऊन पाण्याने ती गोठून धाग्याला चिकटतात, म्हणून प्रथम थंड पाणीच वापरावे. दुधाच्या गाडीत सांडलेले दूध त्वरित टिपून घ्यावे. ते आंबले, तर वास फोममध्ये शिरतो आणि मग सोड्याचा प्रयोग दोन-तीनदा करावा लागतो.

चहा व पानाची पिंक : थंड पाण्याने टिपून, एक भाग पांढरे व्हिनेगर व दोन भाग पाणी या मिश्रणात बुडवलेल्या फडक्याने डाग टिपावा. काथाचा जुना डाग पूर्णपणे निघेलच असे नाही.

हळद : हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो. डाग वाढलेला नसतो. साबण स्वच्छ पाण्याने पुसून काढावा व त्या भागावर ऊन पडेल अशी गाडी उभी करावी. सूर्यप्रकाशाने हळद हळूहळू फिकी होते.

तेल व ग्रीस : चोळू नये. खडूची भुकटी अथवा टाल्कम पावडर पसरून तेल शोषू द्यावे, ती झाडावी व नंतर साबणाचा फेस लावावा. डाग काढण्यासाठी पेट्रोल अथवा रॉकेल वापरण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती अत्यंत धोक्याची आहे. त्यांची वाफ बंद गाडीत साठते व एका ठिणगीने पेट घेते.

जनावरांचे वा लहान मुलांचे मूत्र : त्वरित टिपून थंड पाण्याने पुसावे. वास राहिल्यास बाजारात मिळणारा एन्झाइमयुक्त द्रव त्यावरील सूचनांप्रमाणे वापरावा.

येथे एक सावधगिरी प्रत्येकाने लक्षात ठेवावी. क्लोरीनयुक्त विरंजक द्रव व्हिनेगरमध्ये, लिंबाच्या रसात वा संडास साफ करण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. अमोनियाशी त्याचा संयोग झाल्यासही विषारी वायू तयार होतात. मूत्राच्या डागावर असा द्रव ओतणे याच कारणाने टाळावे.

फवारणीनंतरचे आसन

आतापर्यंत सांगितलेल्या डागांनी फार तर मन विटते. कीटकनाशकाचा डाग मात्र प्राणावर बेतू शकतो. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कीटकनाशके केवळ तोंडावाटे वा श्वासावाटेच शरीरात जातात असे नाही. ती त्वचेतूनही शोषली जातात. जांघेतील त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक शोषून घेते. उष्णतेने व घामाने हे शोषण आणखी वाढते. औषधाने भिजलेल्या कपड्यांनिशी चालक गाडीत बसला, म्हणजे औषध आसनात उतरते. दुसऱ्या दिवशी स्वच्छ कपडे घालून तो, किंवा त्याचे मूल, त्याच घामट आसनावर बसते. विष पुन्हा अंगाला लागण्याचा हा मार्ग डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

यासाठी पुढील नियम पाळावेत. फवारणीनंतर हात-पाय धुऊन व कपडे बदलूनच गाडीत बसावे. ते शक्य नसेल, तर आसनावर प्लास्टिकचा कागद अंथरावा व तो इतर कामास वापरू नये. औषधाचे डबे, पंप व भिजलेले कपडे आसनावर ठेवू नयेत. धान्य, पीठ वा पशुखाद्य यांच्या सान्निध्यात तर ते मुळीच नेऊ नयेत. कीटकनाशकांचा खाद्यपदार्थांशी प्रत्यक्ष संपर्क येईल अशी वाहतूक १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी मना केली आहे.

फवारणीचे पातळ पाणी आसनाच्या काढता येणाऱ्या खोळीवर सांडले असल्यास, रबरी हातमोजे घालून ती काढावी. घरच्या कपड्यांत न मिसळता ती गरम पाण्यात साबण टाकून दोनदा धुवावी आणि उन्हात वाळवावी. येथे थंड पाण्याचा नियम लागू होत नाही. गरम पाण्याने औषध अधिक सुटते. धुण्याचे पाणी विहीर, ओढा वा गुरांचा हौद यांपासून दूर टाकावे. परंतु डब्यातील मूळ, तीव्र औषध आसनात मुरले असेल, तर ते धुण्याच्या भरीस पडू नये. ती खोळ व तो फोम काढून टाकून नवा बसवावा. टाकलेला फोम कोणी उशी वा बैठक म्हणून उचलून नेणार नाही, याची दक्षता घ्यावी व तो जाळूही नये. नव्या गादीचा खर्च दवाखान्याच्या खर्चापुढे अल्पच आहे.

डाग पडूच नयेत म्हणून

आसनावर जाड सुती कापडाची, नाड्यांनी बांधता येणारी खोळ घालावी. अशा दोन खोळी असाव्यात : एक गाडीत, दुसरी धुण्यात. कामाच्या दिवसांत ती आठवड्यास एकदा बदलावी. कापड फार ढिले असू नये, नाहीतर ते पेडलपाशी लोंबते. आसनाच्या बाजूस हवाई पिशवी असल्यास ती जागा खोळीने झाकू नये. ट्रॅक्टरच्या रेक्झिनच्या आसनावर गोणपाट अंथरण्याची सवय सर्वत्र दिसते; ते गोणपाटही खताचे वा औषधाचे नसावे व वेळोवेळी धुतले जावे. दिवसाचे काम संपल्यावर दहा मिनिटे दरवाजे उघडे ठेवल्यास घामाची ओल उडून जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या हंगामापूर्वी गावातील एखाद्या गाडीवर या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्यास चालकांबरोबर घरातील स्त्रियांनाही बोलवावे, कारण खोळी व कपडे धुण्याचे काम बहुधा त्यांच्याच हाती असते आणि औषधाचा स्पर्शही प्रथम त्यांनाच होतो. चमचाभर साबण, मूठभर सोडा, एक ब्रश आणि अर्ध्या दिवसाचे ऊन, एवढ्या सामग्रीत हे काम होते. आसन स्वच्छ राहिले, तर गाडीचे मोल टिकते आणि गाडीत बसणाऱ्या माणसाचे आरोग्यही सुरक्षित राहते.