लेकराचा एक्स-रे: भीती किती, काळजी किती?

पाड्यावरच्या लेकराचा खोकला हटत नाही, क्षयाची शंका येते, डॉक्टर छातीचा एक्स-रे सांगतात. आणि ‘किरणांनी पोर बाधेल’ म्हणून आई मागे सरते. प्रियजनहो, छातीच्या एका एक्स-रेत जेवढे किरण, तेवढे आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळतातच. तो टाळू नये. सीटी स्कॅनमध्ये मात्र त्याच्या कितीतरी पट. मुलांच्या वाढत्या पेशींना किरण अधिक बाधतात. म्हणून पोटदुखीसाठी सीटी सांगितला, तर ‘आधी सोनोग्राफीने भागेल का?’ असे विचारावे. तिच्यात हे किरण नसतात. सीटी लागलाच, तर मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे कमी ठेवता येते. आणि जुन्या फिल्मा! झोपडीत भिजतात, हरवतात, मग तोच फोटो पुन्हा. कोणाला दवाखान्यात नेताना सोबत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी द्या.